भाजल्यानंतरचं वजन

चरबी काढून टाकलेल्या कच्च्या बीफमध्ये १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. तोच तुकडा ओव्हनमध्ये रोस्ट होऊन बाहेर आला की कोष्टकात १०० ग्रॅमसमोर २९-३० ग्रॅमचा आकडा दिसतो. आच लागून प्रथिनं वाढत नाहीत. मांसातलं पाणी निघून जातं, तुकडा आटतो, आणि भाजलेल्या १०० ग्रॅममध्ये कच्चं १३०-१४० ग्रॅम मांस बसलेलं असतं. आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मीही शिकले होते, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तरी इंग्लंडमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून कामाला लागल्यावर माझी पहिली मोठी चूक इथेच झाली, आणि तिची झळ ज्यांना लागली ती ऐंशी-नव्वदीतली माणसं होती.

आपल्याकडे आहाराचा हिशेब कच्च्या वजनावर चालतो. ३० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम पालेभाजी, सगळं शिजवण्याआधीचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं काढलेली कोष्टकं, मग ते गोपालन यांचं जुनं पुस्तक असो की २०१७ ची ‘इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स’, बहुतांशी कच्च्या पदार्थांचीच आहेत. त्यात शहाणपण आहे. एका घरची आमटी पातळ, दुसऱ्या घरची घट्ट. डाळ कच्ची मोजली की वाटीत पाणी किती होतं हा प्रश्नच उरत नाही. वर्षानुवर्षं असाच हिशेब केला की हात त्याला बसतो. कागदावर ‘१०० ग्रॅम’ लिहिताना ते कच्चं, हे वेगळं लिहायची गरज वाटत नाही.

ब्रिटनमधलं कोष्टक निराळं आहे. मॅकान्स आणि विडोसन यांच्या ज्या ग्रंथावर तिथला प्रत्येक आहारतज्ज्ञ विसंबतो, त्यात बीफच्या एकेका भागाला कितीतरी ओळी दिलेल्या असतात. टॉपसाइड कच्चं, टॉपसाइड रोस्ट केलेलं, आतून गुलाबी ठेवलेलं, पूर्ण भाजलेलं, नुसता मांसल भाग, चरबीसकट. चरबीसकटच्या ओळीत १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश, आणि नुसत्या मांसल भागाच्या ओळीत जेमतेम ४-५. एक ओळ वर-खाली झाली तर हिशेब पार बदलतो.

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका केअर होमसाठी मी आठवड्याचा मेन्यू तपासून दिला. ३० रहिवासी, बहुतेक सगळे अशक्त. रविवारी दुपारी रोस्ट बीफ असणारच, त्यात चर्चेला जागा नव्हती. मी ‘रोस्ट, मांसल भाग’ ही ओळ धरली, माणशी २९ ग्रॅम प्रथिनं मांडली आणि स्वयंपाकघरासाठीच्या कागदावर ‘बीफ, माणशी १०० ग्रॅम’ असं लिहिलं. आकडा भाजलेल्या मांसाचा, आणि लिहिण्याची सवय कच्च्याची. त्या सवयीवरच कागद पुढे गेला. वृद्धांना साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारपणात त्याहून जास्त. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईच्या दिवसभराच्या गरजेचा निम्मा भाग मी या एका जेवणात भागवून टाकला होता. सतत वजन उतरत असलेल्या दोन आज्जींच्या फायलीत मी ‘प्रथिनं पुरेशी’ असा शेरा मारला आणि त्यांना द्यायचं पूरक दूध पुढे ढकललं.

त्यांची वजनं उतरतच राहिली. मी भुकेची कारणं शोधली, दात तपासायला सांगितले, औषधांची यादी चाळली. स्वयंपाकघरात गेले नाही. यातला खरा दोष तोच आहे. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. मी बीफ खात नाही. आमच्या घरात ते कधी आलं नाही. रविवारी सकाळी त्या इमारतीत भरून राहणाऱ्या वासात मला उभं राहवत नसे. म्हणून मी भेटीला मंगळवार निवडायची, आणि कोणी विचारलं तर मंगळवारी क्लिनिक नसतं असं सांगायची.

शेवटी वरिष्ठ सहकारी म्हणाल्या की, जेवण वाढताना बघून ये, आणि मला रविवारी जावंच लागलं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी सुतळीनं आवळून बांधलेला टॉपसाइडचा गठ्ठा माझ्यासमोर काट्यावर ठेवला. ३ किलो, वर बोटभर जाडीचा पांढरा चरबीचा थर. वृद्धांसाठी असल्यामुळे त्या तो मध्यभागापर्यंत पुरता भाजत. दांडीचा थर्मामीटर मधोमध खुपसून, आत ७० अंश किमान दोन मिनिटं राहिल्याची खात्री करून मगच बाहेर. ट्रे बाहेर आला तेव्हा तळाशी तपकिरी रस आणि वर वितळलेल्या चरबीचा तवंग होता. अर्धा तास त्यांनी मांस फॉइलखाली तसंच राहू दिलं, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. मग सुतळी कापली आणि तुकडा परत काट्यावर ठेवला. २ किलो ५० ग्रॅम. माझ्या देखत जवळजवळ एक किलो कमी झालं होतं. नंतर वरची चरबी गेली, दोन्ही टोकांचे सुकलेले काप बाजूला पडले, कापताना बारीक चुरा झाला. ताटात माणशी साठ-पासष्ट ग्रॅम पडलं. म्हणजे प्रथिनं १९ ग्रॅम. माझ्या कागदावर २९ होती.

बाईंनी कोणाला दोष दिला नाही. “तुम्ही शंभर लिहिलंत, मी शंभराच्या हिशेबानं मागवलं,” एवढंच म्हणाल्या. शिवाय ज्या दोन आज्जींसाठी मी हा हिशेब मांडला होता, त्यांना चावता येत नसल्यामुळे त्यांचं मांस ग्रेव्हीत मिसळून बारीक केलं जायचं आणि त्यातलंही अर्धं परत यायचं, हे त्यांनीच मला सांगितलं. त्या दोघींचं पूरक दूध त्याच दिवशी सुरू केलं. एकीचं वजन सावरलं. दुसरीचं सावरलं नाही. तिच्या बाबतीत ते आठवडे परत मिळाले असते तर काही बदललं असतं का, हे सांगता येणार नाही, पण ते आठवडे माझ्या शेऱ्यामुळे गेले एवढं खरं.

भात शिजला की पाणी पिऊन फुगतो आणि मांस शिजलं की पाणी सोडून आक्रसतं, इतकी साधी ही गोष्ट. पण ती नेमकी मोजण्यात एका माणसाची बरीच वर्षं गेली. रॉबर्ट मॅकान्स लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. मधुमेहाच्या रुग्णांच्या पथ्यासाठी त्यांना अन्नातले घटक नेमके हवे होते. मांस शिजवताना काय काय निघून जातं याचा एच. एल. शिप यांच्याबरोबर केलेला त्यांचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि धरून ठेवलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात, त्याबरोबर विरघळलेले क्षारही जातात. त्याच वर्षी त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्यांची गाठ एल्सी विडोसन यांच्याशी पडली. मॅकान्स प्रयोगासाठी शिजवायचे मांसाचे तुकडे घेऊन तिथे येत आणि विडोसन मोठ्या प्रमाणावरच्या स्वयंपाकाचं प्रशिक्षण घेत होत्या. सफरचंदांच्या रसायनावर त्यांची डॉक्टरेट झालेली होती. फळांमधल्या साखरेचे मॅकान्सनी काढलेले आकडे चुकले आहेत, तपासणीच्या पद्धतीत काही फ्रुक्टोज नष्ट होतं, हे या विशीतल्या बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं. मॅकान्सनी चूक मान्य केली आणि ते आकडे सुधारण्यासाठी विडोसन यांना अनुदान मिळवून दिलं. तिथून दोघांनी साठ वर्षं एकत्र काम केलं. त्यांचा कोष्टकांचा ग्रंथ १९४० साली आला. मी जो ग्रंथ रोज उघडते त्याची सुरुवात ओव्हनजवळच्या अशा गाठीभेटींतून झाली, आणि मी तो ओव्हनपासून लांब बसून वापरत होते.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. ती आठवली की मला आजही बेचैन व्हायला होतं.

गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा क्लिनिकमध्ये आले. पत्नी गेलेली, घरात एकटे. कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं होतं, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. मी आहार विचारला. सकाळी टोस्ट, दुपारी सूप, रात्री काहीतरी हलकं. मग डोळे चमकले आणि म्हणाले, “पण रविवारी मात्र रोस्ट बीफ.” मुलगी येते, दोघं मिळून करतात. यॉर्कशायर पुडिंग आधी, ग्रेव्हीबरोबर, जुन्या पद्धतीनं; मग बीफ, भाजलेले बटाटे, गाजरं, कोबी. सोमवारी उरलेलं थंड बीफ काप करून, मंगळवारी शेवटचा तुकडा सँडविचमध्ये.

मी त्यांना रेड मीट कमी करायला सांगितलं. छापील पत्रक दिलं, त्यातल्या ७० ग्रॅमच्या आकड्याखाली रेघ मारली.

तो आकडा खरा आहे. ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या लोहावरच्या अहवालानंतर २०११ साली आरोग्य खात्यानं सांगितलं की, जे लोक दिवसाला सरासरी ९० ग्रॅमपेक्षा जास्त रेड मीट आणि प्रक्रिया केलेलं मांस खातात, त्यांनी ते ७० ग्रॅमवर आणावं. हे ग्रॅमही शिजवल्यानंतरचे. ब्रेडच्या अर्ध्या स्लाइसच्या आकाराचे तीन पातळ काप म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून आणि साधं रेड मीट ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून नोंदवलं. या सगळ्याला माझा आजही पूर्ण पाठिंबा आहे.

पण आजोबांचा हिशेब मी केलाच नव्हता. रविवारचे दीडशे, सोमवारचे ऐंशी, मंगळवारचे साठ, एकूण २९० ग्रॅम. भागिले ७ म्हणजे दिवसाला ४१. सल्ला ज्यांच्यासाठी होता त्यांच्यात ते बसतच नव्हते. कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर कडेची चरबी काढलेल्या टॉपसाइडमध्ये संपृक्त स्निग्धांश १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास. त्यांचा मुख्य पुरवठा दुसरीकडून होता. रोस्टच्या ट्रेमधली चरबी गाळून ते वाडग्यात थिजवून ठेवत आणि आठवडाभर मीठ भुरभुरवून टोस्टवर लावत. त्या भागात ‘ब्रेड अँड ड्रिपिंग’ ही जुन्या लोकांची लाडकी न्याहारी आहे. मी ‘टोस्ट’ लिहून घेतलं आणि वर काय लावता हे विचारलं नाही. ड्रिपिंगचा निम्मा भाग संपृक्त असतो. विचारलं असतं तर फक्त तेवढं बदलता आलं असतं, आणि रविवार जसा होता तसा राहिला असता. (यॉर्कशायरच्या जुन्या दुकानांत चिप्सही याच चरबीत तळतात. तिथे राहायला लागून बराच काळ लोटल्यावर मला हे कळलं. तोवर मी त्या चिप्स खात होते, कारण आपल्या ताटाबद्दलही मी विचारलं नव्हतं.)

आजोबांनी माझं ऐकलं. ते पुढच्या वेळी आले तेव्हा कोट खांद्यांवरून ओघळत होता. ६८ किलोचे ६१ झाले होते, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त. कुपोषण ओळखण्यासाठी आम्ही जी गुणपद्धत वापरतो तिच्यात एवढी घट एकटीच वरच्या धोक्याच्या गटात नेऊन बसवते. बीफ सोडल्यावर काय खाता, असं विचारलं. टोस्ट. सूप. रविवारी? “आता फक्त चहा घेतो. मुलगी केक आणते.” बीफबरोबर पुडिंग गेलं होतं, ग्रेव्ही गेली होती, बटाटे आणि कोबी गेले होते. एकट्या माणसासाठी माशाच्या तुकड्याबरोबर हे सगळं कोण करणार? आठवड्याला बीफमधली प्रथिनं ८४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला बाराच. हा आकडा लहान दिसतो. पण त्यांच्या आठवड्यात भरपेट जेवण ते एकच होतं, आणि त्याचे दोन दिवस पुरणारे अवशेष.

१९९६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारनं गायींच्या मेंदूरोगाचा माणसांमधल्या नव्या आजाराशी संबंध असल्याचं मान्य केलं, तेव्हा लाखो लोकांनी बीफ खायचं थांबवलं. पुढच्या वर्षी हाडासकट बीफ विकायलाच बंदी आली, ती दोन वर्षं टिकली. त्या काळातही आमच्या रविवारात खंड पडला नाही, असं आजोबा मला पहिल्या भेटीत अभिमानानं सांगून गेले होते. त्यांनी ते सोडलं माझ्या एका पत्रकावरून.

ही चूक मी इतक्या सहज का केली याचा विचार करताना मला स्वतःशी एक गोष्ट कबूल करावी लागली. ‘बीफ कमी करा’ हे सांगायला मला बरं वाटत होतं. आजोबांनी रोज पेढा खाल्ला असता तर मी आधी आकारमान विचारलं असतं, किती आणि कधी ते विचारलं असतं, आवडीचं आहे म्हणून वाट काढली असती. बीफच्या बाबतीत माझ्या मनात आधीच ‘नको’ होतं आणि ७० ग्रॅमच्या पत्रकानं त्या ‘नको’ला शास्त्राचा आधार दिला. कोष्टकातला एकही आकडा खोटा नव्हता. मी ते उघडलंच नाही.

आणि हे इंग्लंडमध्ये सुरू झालेलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात उमेदवारी करताना रुग्ण ‘मटण’ म्हणत आणि मी ‘मटण’ लिहून घेत असे. काहींच्या घरी ते मोठ्या जनावराचं असे. मला तशी शंका यायची. पण विचारलं तर समोरचा ओशाळेल अशी समजूत करून घेऊन मी पुढच्या प्रश्नावर जायची. ओशाळण्याची भीती माझी होती. समोरच्या बाईला तिच्या आहाराचा खरा हिशेब त्यामुळे मिळाला नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली आलेलं पुस्तक मी यॉर्कशायरमध्ये वाचलं. मराठवाड्यातल्या दलितांचं अन्न त्यात तपशिलानं आलं आहे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, वाळवून केलेल्या चान्याही त्यात आहेत. ऊन पाणी काढून घेतं, प्रथिनं आणि लोह मागे राहतं, आणि मूठभर चान्या घातलेलं कालवण अख्ख्या घराला पुरवठ्याला येतं. रोस्टच्या काट्यावर मी जे मोठ्या वयात पाहिलं, ते माझ्याच मुलखातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या हातानं माहीत होतं. माझ्या अभ्यासक्रमात ते कुठे नव्हतं, आणि माझ्या प्रश्नांतही नव्हतं.

आजोबांची माफी मागितली. रविवार परत सुरू करा, असं मी म्हणाले, आणि या वेळी कागदावर बीफच्या जोडीला पुडिंग, बटाटे, ग्रेव्ही सगळं लिहून दिलं. ते सावकाश तीन-साडेतीन किलोंनी वर आले. ६८ परत कधी झाले नाहीत.

लोहाची चूक थोडक्यात सांगते. एका शिक्षिकेनं बीफ सोडायचं ठरवलं होतं, स्वतःच्या विचारानं. लोहाचं काय, असं तिनं मला विचारलं. मी कोष्टक पाहिलं. रोस्ट बीफ १०० ग्रॅमला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, शिजवलेली मसूर डाळ १०० ग्रॅमला २.४. मी म्हटलं, डाळ खा, काही फरक पडणार नाही. बीफमधल्या लोहाचा साधारण अर्धा भाग हीम रूपात असतो, म्हणजे रक्ताच्या आणि स्नायूंच्या लाल रंगद्रव्यात बांधलेला. तो १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत शोषला जातो. डाळीतलं लोह बाकीच्या जेवणावर अवलंबून दोन टक्केही शोषलं जातं आणि वीसही. मांस सोबत असलं तर ते जास्त शोषलं जातं, लिंबू पिळलं तरी जास्त. जेवताना कडक चहा प्यायला तर निम्म्याहून खाली घसरू शकतं. हीम लोहावर मात्र चहाचा फारसा परिणाम होत नाही. यॉर्कशायरमध्ये जेवणाबरोबर चहा, तोही कडक, हे इतकं नेहमीचं आहे की मी ते विचारायला हवंच होतं. बीफ होतं तोवर तिचा चहा खपून जात होता. डाळ आल्यावर खपेना. वर्षाच्या आत फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, तळाला गेलं, जिने चढताना दम लागू लागला आणि डॉक्टरांना लोहाच्या गोळ्या सुरू कराव्या लागल्या. जस्त आणि बी-१२ बद्दल तर मी तोंडच उघडलं नव्हतं. रोस्ट बीफच्या १०० ग्रॅममध्ये पाच-सहा मिलिग्रॅम जस्त असतं आणि दिवसभर पुरून उरेल एवढं बी-१२. शिजलेल्या मसुरीत जस्त जेमतेम एक मिलिग्रॅम आणि बी-१२ शून्य. बीफ सोडण्याचा तिचा निर्णय योग्यच होता आणि डाळीवर उत्तम राहता येतं, आपण राहतोच. फक्त लिंबू, चहाची एक तासाची सुट्टी, दूध किंवा अंडं, आणि गरजेप्रमाणे बी-१२ ची गोळी, हे सांगायचं काम माझं होतं.

या तिन्हींनंतरही ग्रेव्हीनं मला गाठलं.

मूत्रपिंडं जेमतेम काम करत असलेले एक गृहस्थ, बस चालवून निवृत्त झालेले. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं आणि फॉस्फेटही. पोटॅशियमसाठी बटाट्याचं जे सांगायचं ते मी सांगितलं. सोलून, लहान तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या, मग ओव्हनमध्ये भाजा. पोटॅशियम पाण्यात उतरतं, त्यामुळे बटाट्यातलं बरंच कमी होतं. पत्नीनं ते शब्द न् शब्द पाळलं. पुढच्या तपासणीत पोटॅशियम होतं तिथेच. मी फळांवर संशय घेतला, कॉफीवर घेतला. या वेळी मात्र मी त्यांना रविवारचं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोणत्या भांड्यातून कोणत्या भांड्यात, असं सांगायला लावलं. बटाटे उकळले, पाणी काढलं. ते पाणी? “ग्रेव्हीला घेते ना. आई तशीच करायची, चव असते त्यात.” कोबीचं आणि गाजरांचं पाणीही त्याच ट्रेमध्ये, बीफच्या रसावर. जे काढायला मी सांगितलं होतं ते सगळं त्यांच्या ताटात परत ओतलं जात होतं, आणि मांसातून सुटलेलं पोटॅशियम त्यात भर घालत होतं. यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पाणी ‘टाकून द्या’ हे मी बटाट्याच्या संदर्भात म्हटलं, त्यांनी ते बटाट्यापुरतं ऐकलं. त्यांनी किटलीतल्या साध्या पाण्यावर, ट्रेमधला थोडाच रस घेऊन ग्रेव्ही करायला सुरुवात केली आणि पोटॅशियम खाली आलं.

फॉस्फेट हलेना. फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘दुपारी सँडविच, रोस्ट बीफ, दोन काप’. मी ते रविवारचं उरलेलं समजले होते. रविवारचं मंगळवारी संपतं हे आजोबांनी मला शिकवलं होतं, पण माझ्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. मग शुक्रवारच्या सँडविचमधलं बीफ येतं कुठून, असं मी बसचालकांना विचारलं आणि पत्नीला पाकीट आणायला सांगितलं. वरच्या बाजूला ‘रोस्ट बीफ’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं. मागच्या बाजूला बीफ, पाणी, मीठ, डेक्स्ट्रोज आणि ट्रायफॉस्फेट. फॉस्फेट घातल्यानं मांस पाणी धरून ठेवतं, काप ओलसर राहतात आणि वजनही भरतं. मांसातलं मूळचं फॉस्फेट शरीर सगळं शोषत नाही, निम्म्याच्या आसपास घेतं. असं वरून घातलेलं मात्र जवळपास सगळं रक्तात जातं. शिवाय मीठ, ज्याचा घरच्या टॉपसाइडमध्ये प्रश्नच येत नाही. कर्करोगाच्या दृष्टीनंही हे पाकीट ओव्हनमधल्या तुकड्याच्या नव्हे, हॅमच्या रांगेत बसतं.

आता त्या घरी रविवारी थोडा मोठा तुकडा भाजतात. गार झाला की पातळ काप करून, दोन-दोनच्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये टाकतात, आणि आदल्या रात्री एक पुडी खालच्या कप्प्यात काढून ठेवतात. पहिल्या महिन्यात पत्नीनं कापांचं वजन करून आणलं होतं. वर स्वतःहून लिहिलं होतं, ‘भाजल्यानंतर’. फॉस्फेट उतरू लागलं आहे. फॉस्फेटसाठीच्या गोळ्यांचा डोस कमी करायचा का, ते डॉक्टर पुढच्या क्लिनिकला ठरवतील. चीज कोणतं खाता, हे विचारायचं अजून राहिलं आहे.